मालक गावात राहतो का? चॅटनूगा शहराची गोष्ट

मंडळी, अमेरिकेतलं शहर म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्क, शिकागो आठवतं, नाहीतर आपल्या नात्यातली मुलं राहतात ते न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया. आज ज्या शहराबद्दल बोलायला उभी आहे ते यांतलं नाही. टेनेसी राज्याच्या आग्नेय टोकाला, जॉर्जियाच्या हद्दीला खेटून, टेनेसी नदीच्या वळणावर चॅटनूगा वसलंय. २०२० च्या जनगणनेत वस्ती १ लाख ८१ हजार. दक्षिणेतलं शहर. म्हणजे गुलामगिरी जिथे होती, १८६३ साली यादवी युद्धातल्या मोठ्या लढाया जिथे झाल्या, आणि त्याही आधी, १८३८ साली, जिथून चेरोकी या मूळनिवासी लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हाकलून पश्चिमेकडे नेलं, तो हा मुलूख.

तिथे राहत असताना मला एक सवय लागली. कुठल्याही दुकानात, खानावळीत गेलं की चौकशी करायची, याचा मालक कुठे राहतो? हळूहळू लक्षात आलं की त्या शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती सांगता येतो. आज तोच सांगणार आहे.

सुरुवात दुपारच्या जेवणापासून करू, कारण दक्षिणेतला माणूस तिथेच सापडतो. तिथल्या खानावळीच्या ताटाला 'मीट अँड थ्री' म्हणतात. मांसाचा एक पदार्थ, त्याबरोबर तीन भाज्या, मक्याच्या पिठाचा भाजलेला जाड कॉर्नब्रेड आणि पेलाभर गोड गार चहा. भाज्यांत काय असतं ऐका. भेंडी असते, मक्याच्या पिठात घोळवून तळलेली. चवळी असते, आणि ती नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खाल्ली की वर्ष बरकतीचं जातं अशी श्रद्धा. कोलार्डचा पाला असतो, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेला. चीज घातलेली मॅकरोनीसुद्धा तिथे भाजीतच धरतात! भेंडी आणि चवळी आफ्रिकेतून आली, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. आज ज्याला दक्षिणेचं जेवण म्हणून सगळे मिरवतात, ते त्या माणसांच्या हातचं आहे. हे तिथल्या फळ्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून मी इथे मुद्दाम सांगते.

अशीच एक खानावळ, झारझूर्स, एका लेबनीज कुटुंबाने १९१८ साली ओतकामाच्या कारखान्यांच्या वस्तीत सुरू केली. कामगार, वकील, पोलीस एकाच टेबलाला बसून जेवायचे, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाला काय हवं हे विचारावं लागत नसे. रविवारी दुपारी मात्र अशी बरीच दारं बंद. जी उघडी असतात तिथे चर्च सुटलं की झुंबड उडते, ठेवणीतल्या कपड्यांतली आख्खी घरंच्या घरं. धर्माचा पगडा किती? किराणा दुकानात वाइन विकायला टेनेसीत २०१६ साली परवानगी मिळाली.

आता पैशाकडे येऊ. १८९९ साली चॅटनूगाचे दोन वकील, बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड, अटलांटाला जाऊन कोका-कोलाचे मालक एसा कँडलर यांना भेटले. तोवर कोका-कोला दुकानातल्या नळावर पेल्यात भरून मिळायचं. हे दोघे म्हणाले, आम्ही बाटलीत भरून विकतो. कँडलरना बाटलीत काही राम वाटत नव्हता. त्यांनी जवळजवळ सगळ्या अमेरिकेचे बाटलीचे हक्क एका डॉलरला देऊन टाकले, आणि तो डॉलरही त्यांनी कधी वसूल केला नाही असं सांगतात.

माझ्या मते त्यानंतर जे घडलं ते डॉलरच्या किश्श्यापेक्षा मोठं आहे. त्या वकिलांकडे देशभर कारखाने घालायला भांडवल नव्हतं. मग त्यांनी मुलूख वाटून दिला. गावोगावच्या माणसाला सांगितलं, तुझ्या गावापुरता कारखाना तू घाल, सरबताचा अर्क आमच्याकडून घे. त्यातून शेकडो गावांत स्थानिक बाटलीवाले उभे राहिले. पेय एकच, पण प्रत्येक गावात त्याचा धनी वेगळा, आणि तो त्याच गावचा. व्हाइटहेडला पैसा पुरवायला जॉन लप्टन हे चॅटनूगाचेच गृहस्थ आले, आणि त्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाटल्यांचा पैसा येत राहिला. शहराच्या डोक्यावर लुकआउट डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरच्या कित्येक हवेल्या या बाटल्यांतून वर आल्या.

बाकी धंदे छोटे, पण डोकं लावून केलेले. १९१६ साली अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याच्या मित्राची मोटार ओढ्यात उलटली. माणसं, दोरखंड, ठोकळे लावून ती बाहेर काढताना सगळे घामाघूम झाले. होम्सने जुन्या कॅडिलॅकच्या सांगाड्यावर खांब, साखळी आणि कप्पी बसवली. बिघडलेली गाडी ओढून नेणारा टो-ट्रक असा जन्माला आला, आणि त्या ट्रकांचा मोठा कारखाना आजही चॅटनूगाच्या शेजारी ऊल्टवॉला आहे. चॅटनूगा बेकरीची 'मूनपाय' १९१७ ची. दोन बिस्किटांमध्ये मार्शमेलो आणि वरून चॉकलेटचा लेप. कोळशाच्या खाणीतल्या कामगारांना डब्यात नेता येईल असं पोटभरीचं काहीतरी हवं होतं, त्यातून ती निघाली अशी बेकरीचीच आठवण आहे. बेकरी आजही एकाच कुटुंबाकडे, त्याच शहरात. नदीच्या खालच्या अंगाला साउथ पिट्सबर्ग नावाचं गाव आहे. तिथे लॉज कंपनी १८९६ पासून बिडाचे तवे आणि कढया ओतते. आपल्याकडे बिडाचा तवा नॉनस्टिकच्या लाटेत माळ्यावर गेला आणि आता परत खाली येतोय. त्या गावाने तो माळ्यावर जाऊच दिला नाही. कॉर्नब्रेड भाजायला तोच लागतो, आणि कॉर्नब्रेडची जत्रासुद्धा त्याच गावात भरते.

याच्या उलटचंही उदाहरण देते. क्रिस्टल हे चौकोनी, इवलेसे बर्गर विकणारं दुकान १९३२ च्या मंदीत चॅटनूगात निघालं. एक बर्गर पाच सेंटला. दक्षिणभर शाखा झाल्या. पुढे मालकी बदलली आणि मुख्य कचेरी अटलांटाच्या बाजूला गेली. बर्गर अजून मिळतो. पण कचेरीतले पगार, तिथली वर्दळ, गावातल्या शाळेला देणगी देणारा हात, हे सगळं कचेरीबरोबर निघून जातं.

कारखान्यांनी शहराला पोसलं तसं काळंही केलं. नदी, रेल्वे, कोळसा, लोखंड सगळं हाताशी, त्यामुळे ओतशाळा उदंड झाल्या. डोंगरांच्या मधल्या खोलगटात धूर कोंडून राहायचा. १९६९ साली सरकारी पाहणीत चॅटनूगाची हवा देशात सगळ्यात घाण निघाली, आणि वॉल्टर क्रॉंकाइट या नामवंत बातमीदारांनी ते टीव्हीवरून सगळ्या अमेरिकेला सांगितलं. भरदिवसा गाड्यांचे दिवे लावावे लागत, असं त्या पिढीतली माणसं सांगतात. पुढे ओतशाळा एकेक करून बंद पडल्या. शहराबाहेर मॉल झाले, त्यातला हॅमिल्टन प्लेस १९८७ चा. मार्केट स्ट्रीटवरची जुनी मोठी दुकानं ओस पडली.

मग १९८४ साली या शहराने एक साधी गोष्ट केली. लोकांना बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला हे गाव कसं हवंय? 'व्हिजन २०००' असं त्या उपक्रमाचं नाव. सुमारे १७०० नागरिक बैठकांना आले आणि ४० उद्दिष्टं ठरली. त्यातून नदीकाठ मोकळा झाला आणि १९९२ साली गोड्या पाण्यातल्या जिवांचं मोठं मत्स्यालय उभं राहिलं. खर्च साडेचार कोटी डॉलर, तोही देणग्यांतून. १९७८ पासून बंद पडलेला, पाडायला निघालेला वॉलनट स्ट्रीट पूल १९९३ साली पायी चालणाऱ्यांसाठी उघडला. आणि या सगळ्यामागे पैसा कुणाचा होता? बराचसा लप्टन घराण्याचा आणि त्यांच्या लिंडहर्स्ट प्रतिष्ठानचा. जॉन लप्टन यांचे नातू जॅक यांनी १९८६ साली बाटल्यांचा धंदा कोका-कोला कंपनीलाच १४० कोटी डॉलरला विकला होता. ते राहत होते चॅटनूगातच, म्हणून पैसाही नदीकाठी आला. हे मला मनापासून कौतुकाचं वाटतं. पण एका घराण्याच्या मर्जीवर गाव सुधारणं, याची धास्तीही वाटते. पुढचा वारस दुसरीकडे राहायला गेला असता तर?

त्या पुलावर आज लहान मुलं आइस्क्रीम खात फिरतात. याच पुलावर १९०६ साली एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फासावर लटकवलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिलेली असताना. ज्या नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या कृष्णवर्णीय वकिलांनी त्याचा खटला तिथवर नेला, त्यांना शहर सोडावं लागलं. जमावाला न रोखणाऱ्या शेरीफवर, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखावर, सर्वोच्च न्यायालयाने स्वतः खटला चालवला, त्या न्यायालयाच्या इतिहासातला तसा एकमेव. पुलाच्या टोकाशी जॉन्सन आणि त्या दोन वकिलांचं स्मारक झालं, ते २०२१ साली. मधे एकशे पंधरा वर्षं गेली.

म्हणून 'मालक गावात राहतो का' हा माझा प्रश्न अपुरा आहे, हे मला तिथेच उमगलं. मार्केट स्ट्रीटवरच्या दुकानांचे मालक गावातच राहत होते की! तरी १९६० च्या फेब्रुवारीत हॉवर्ड हायस्कूलची कृष्णवर्णीय मुलं त्या दुकानांतल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली, तेव्हा त्यांना कुणी वाढलं नाही. इतर बहुतेक शहरांत ही आंदोलनं कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी केली. इथे शाळकरी पोरं होती. दुकानात कपडा घ्या, पैसे द्या, पण घोटभर कॉफी प्यायला बसू नका, असा रिवाज. त्याच वर्षी तो मोडला.

त्या भिंतीपलीकडे कृष्णवर्णीयांनी आपली पेठ उभी केली होती, नाइन्थ स्ट्रीट. हॉटेलं, न्हाव्यांची दुकानं, दवाखाने, नाचगाण्याचे अड्डे. १८९४ च्या सुमाराला जन्मलेली बेसी स्मिथ, पुढे 'ब्लूजची सम्राज्ञी' म्हणून गाजली ती, लहानपणी याच रस्त्याच्या कोपऱ्यावर गाऊन पैसे मिळवायची. शहराच्या पश्चिम अंगाला १९५० नंतर नूतनीकरणाच्या नावाखाली वस्त्या उठवल्या आणि हमरस्त्याच्या भरावासाठी कॅमेरून टेकडीचा माथा कापला. कृष्णवर्णीय कुटुंबं पांगली, त्यांच्याबरोबर गिऱ्हाईक पांगलं. १९८१ साली नाइन्थ स्ट्रीटला मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव दिलं. नाव आलं, पण जुनी पेठ परतली नाही. आता शेजारचं विद्यापीठ वाढतंय, भाडी वाढतायत, आणि नव्या पाट्यांमागचे मालक बहुतेक त्या पेठेच्या वारसांपैकी नाहीत. नदीकाठासाठी जो पैसा आणि जी तळमळ दिसली, ती या रस्त्याच्या वाट्याला आली नाही. हे माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या लोकांबद्दल दोन शब्द. हमरस्त्यालगतच्या मोटेलांच्या काउंटरमागे दक्षिणेत तुम्हाला हमखास गुजराती कुटुंब दिसतं, बहुधा पटेल, मूळ सुरत-नवसारीकडचं. मागच्या खोलीत संसार, पुढच्या खोलीत गल्ला. घरातली सगळी माणसं राबतात. शेजारच्या मोटेलवाल्यांनी 'अमेरिकन मालकीचे' अशा पाट्या लावून यांचं गिऱ्हाईक तोडायचा प्रयत्न केला, विमा कंपन्यांनी विमा नाकारला. म्हणून १९८५ साली टेनेसीतच या मोटेलवाल्यांनी आपली संघटना बांधली, आणि १९८९ साली अटलांटाला देशव्यापी संघटना झाली. आपण मराठी माणसं तिथे बहुतेक नोकरीला. मोटेलच्या मागच्या खोलीत राहून धंदा उभारणाऱ्या त्या बायकांबद्दल मला फार आदर आहे. त्यांच्या कष्टांची नोंद कुठल्याच स्मारकावर नाही.

शेवटी विजेकडे येते. चॅटनूगाची वीज शहराच्या मालकीची आहे. ईपीबी नावाचं मंडळ १९३५ च्या कायद्याने स्थापन झालं आणि १९३९ पासून घरोघरी वीज देतंय. या मंडळाने ठरवलं की तारांतला बिघाड आपोआप कळावा म्हणून सगळीकडे फायबर टाकायची, आणि त्याच फायबरवरून लोकांना इंटरनेट द्यायचं. केबल कंपन्यांनी कोर्टात खेचलं. मंडळ हटलं नाही. केंद्र सरकारचं ११ कोटी डॉलरहून जास्त अनुदान मिळालं, आणि २०१० साली शहराबाहेरच्या शेतघरापर्यंत, जिथे जिथे मंडळाची वीज जाते तिथे, सेकंदाला एक गिगाबिटचं इंटरनेट पोचलं. अमेरिकेत इतक्या मोठ्या पट्ट्यात ते प्रथमच झालं. वादळात झाड पडलं तर बिघडलेला तुकडा यंत्रणा आपोआप वेगळा काढते आणि बाकीच्या घरांत उजेड परत येतो. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा सुमारे २८ हजार गरजू विद्यार्थ्यांच्या घरी फुकट इंटरनेट देण्याची योजना याच मंडळाने शाळांबरोबर हाती घेतली. हा निर्णय घ्यायला कुणा लप्टनची वाट बघावी लागली नाही.

मंडळाच्या हद्दीबाहेरचे शेजारी म्हणाले, आम्हालाही द्या. राज्याचा कायदा आडवा आला, कारण मंडळाने आपल्या विजेच्या हद्दीबाहेर इंटरनेट देऊ नये अशी त्यात अट आहे. २०१५ साली केंद्राच्या दूरसंचार आयोगाने ती अट बाजूला सारली. २०१६ साली अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून अट पुन्हा लागू केली. तेव्हा एखाद्या रस्त्याच्या अलीकडच्या घरात देशातलं सगळ्यात वेगवान इंटरनेट आणि पलीकडच्या घरात धड फोनही लागत नाही, अशी तिथली तऱ्हा होती. पलीकडच्यांना द्यायला ईपीबी तयार होती, घ्यायला ते तयार होते. अडवून धरणारे कायदे तिथून दोनशे किलोमीटरवर, नॅशव्हिलच्या विधिमंडळात झाले.