फळीवरची अंडी आणि रविवारची शांतता

श्रोतेहो, मी १९९४ पासून अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो. जन्म आणि शिक्षण साताऱ्याचे असले, तरी दुकानात काय कुठे शोधायचे, बिल कसे चुकते करायचे, रविवार कसा घालवायचा, या माझ्या रोजच्या सवयी आता पुरत्या अमेरिकी झालेल्या आहेत. गेल्या वर्षी मी आणि माझी पत्नी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे तीन आठवडे आणि नंतर पॅरिसमध्ये एक आठवडा भाड्याच्या घरात राहिलो. घर म्हटले की बाजारहाट आला, कचरा आला, शेजार आला. आणि त्या निमित्ताने जे जे खटकले त्याच्या मुळाशी जाऊ लागलो, तेव्हा बहुतेक ठिकाणी कोणत्या तरी पिढीने विचारपूर्वक केलेला एखादा नियम सापडला. त्यांतल्या काहींविषयी आज बोलतो.

पहिल्याच दिवशी आम्ही सुपरमार्केटमध्ये दुधालोण्याच्या थंड कपाटासमोर अंडी शोधत बराच वेळ उभे होतो. ती सापडली मैद्या-साखरेच्या शेजारी, साध्या फळीवर. पत्नीला साताऱ्याच्या वाण्याकडचे अंड्यांचे ट्रे आठवले. मला मात्र ती अंडी घ्यावीत की नाही, असा प्रश्न पडला. एकाला पिसाचा बारीक तुकडा चिकटलेला होता आणि प्रत्येक कवचावर लाल शाईत एक शिक्का होता. त्यातला पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो : शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी, दोन म्हणजे शेडमध्ये जमिनीवर वावरणारी आणि तीन म्हणजे पिंजऱ्यातली. त्यापुढे देशाची अक्षरे आणि उत्पादकाचा क्रमांक असतो.

अमेरिकेत कृषी खात्याच्या प्रतवारीची मोहोर मिळवणारी अंडी कोमट पाण्याने धुतलेलीच असावी लागतात. धुताना कवचावरचा नैसर्गिक पातळ लेप निघून जातो आणि म्हणून ती पुढे सुमारे ७ अंश सेल्सिअसला थंडच ठेवावी लागतात. युरोपीय संघाचा नियम नेमका उलट आहे. तेथे ‘अ’ वर्गाची अंडी, थोडे अपवाद सोडल्यास, धुताच येत नाहीत. लेप शाबूत राहावा, आणि अंडे मुळातच स्वच्छ निघावे यासाठी खुराडे स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी शेतकऱ्यावर राहावी, अशी ही रचना आहे. विक्रीपूर्वी ती थंडही करत नाहीत, कारण गार अंडे उबेत आणले की कवचावर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरू शकतात. शत्रू दोघांचाही एकच, पोट बिघडवणारा साल्मोनेला नावाचा जंतू. मला स्वतःला युरोपची पद्धत अधिक पटली, कारण तीत काळजी घेण्याची सुरुवात कोंबडीपासून होते.

नंतर आला रविवार. आम्ही शनिवारी रात्री काही आणून ठेवले नव्हते आणि सकाळी सगळी दुकाने बंद. रेल्वे स्थानकातले एक दुकान तेवढे उघडे होते. दुपारी रिकाम्या काचेच्या बरण्या टाकायला मी कोपऱ्यावरच्या पेटीपाशी गेलो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी खिडकीतून हाक मारली आणि पेटीवरची पाटी वाचायला सांगितली. तिच्यावर वेळा लिहिलेल्या होत्या आणि त्यांत रविवार नव्हता. काच फुटण्याचा आवाज नको, एवढेच कारण. मी बरण्या घेऊन परत आलो आणि त्या दिवशी प्रथमच लक्षात आले, की आमच्या गल्लीत पावलांचे आवाजसुद्धा स्पष्ट ऐकू येत होते.

हा केवळ रिवाज नाही. जर्मनीच्या १९१९ च्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि ते कलम १९४९ च्या घटनेने जसेच्या तसे स्वीकारले. बर्लिनने नाताळापूर्वीचे चारही रविवार दुकानांना खुले केले, तेव्हा २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते अमान्य ठरवले. ओहायोत मी कित्येक रविवारी संध्याकाळी किराणा भरलेला आहे. पलीकडे गल्ल्यावर उभ्या असलेल्या बाईंचा रविवार त्यात गेला, हा विचार मला तीस वर्षांत शिवला नव्हता. त्याची खंत मला खरोखर वाटते.

किमतीच्या पाटीविषयी थोडक्यात सांगतो. ओहायोत पाटीवरच्या रकमेवर राज्याचा ५.७५ टक्के आणि शिवाय काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कर गल्ल्यावर चढतो. युरोपात पाटीवरचा आकडा करासह असतो, आपल्याकडच्या छापील कमाल किमतीसारखा. फ्रान्समध्ये तर १९८७ पासून उपाहारगृहाच्या दरपत्रकात सेवेचा आकारही धरलेला असावा लागतो. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात मात्र बक्षिशीवर काम करणाऱ्या वाढप्याला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबलेले आहे आणि उरलेले वेतन गिऱ्हाइकाच्या बक्षिशीतून यावे, अशी अपेक्षा आहे. या बाबतीत माझ्या देशाची बाजू मला घेता येत नाही.

पण पॅरिसमध्ये घेता आली. पत्नीचा उजवा गुडघा दुखावलेला होता आणि मेट्रोच्या स्थानकांत जिने संपता संपत नव्हते. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० साली झाला. उतार, लिफ्ट आणि रुंद दारे यांची आम्हाला इतकी सवय झालेली आहे की ती कोणी भांडून मिळवली, हे आम्ही विसरतो. पॅरिसच्या जुन्या मार्गांवर लिफ्ट नसलेली स्थानकेच अधिक आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेला चौदा क्रमांकाचा मार्ग तेवढा पूर्णपणे सुगम आहे. मार्ग बदलण्याच्या एका स्थानकात पत्नी कठडा धरून दर चार पायऱ्यांनी थांबत होती, आणि तिच्या मागे एक तरुण आई बाळाची गाडी एकटीने उचलून चढवत होती. मी एका हाताने त्या गाडीचे पुढचे चाक धरले आणि दुसरा हात पत्नीला दिला. तिसऱ्या दिवसापासून आम्ही मेट्रो सोडली आणि बस धरली. तिथे चालक बटण दाबून फळी पदपथावर टेकवतो आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस कोणाचीही मदत न घेता आत येतो.