गाडीच्या दाराखालचा प्रोजेक्टर: छोटा असूनही अंधुक का नाही?

नमस्कार मंडळी! २०१५ साली बीएमडब्ल्यूची नवी ७ सीरीज आली, तेव्हा गाडी उघडताना दाराखालून जमिनीवर प्रकाशाच्या रेघांचा गालिचा पसरायचा. शोभेची गोष्ट म्हणून बऱ्याच जणांनी ती सोडून दिली. मला विचाराल तर त्या गाडीतलं सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग तिथेच आहे.

हा गालिचा टाकतो दाराखालचा एक छोटासा प्रोजेक्टर. साध्या प्रोजेक्टरमध्ये एक स्लाइड (म्हणजे चित्र असलेली पारदर्शक पट्टी), एक लेन्स. तो लहान करायचा तर दोन्ही लहान करावे लागतात. मग अर्ध्या मिलिमीटरच्या स्लाइडमधून उजेड जाणार तो किती? लेन्स मोठी घ्यावी, तर फोकल लेंथ, म्हणजे लेन्सपासून ती प्रकाश जिथे गोळा करते तिथपर्यंतचं अंतर, वाढते आणि प्रोजेक्टर पुन्हा लांबोडका होतो.

जर्मनीतल्या येना शहरातल्या फ्राउनहोफर आयओएफ या संस्थेने लेन्सचा आकार वाढवला नाही, संख्या वाढवली. इवल्याशा लेन्स शेजारीशेजारी, प्रत्येकीला स्वतःची स्लाइड, आणि सगळ्या मिळून एकच चित्र एकाच जागी टाकतात. उजेडाची बेरीज होते, जाडी मात्र एकाच लेन्सची राहते.

(स्क्रीनवर: काचेचा आडवा छेद)

हे बघा. वरती लेन्सचा पहिला थर, त्याला लागूनच क्रोममध्ये कोरलेल्या स्लाइड, आणि खालच्या बाजूला चित्र टाकणाऱ्या लेन्स. वरची लेन्स एलईडीचा प्रकाश खालच्या लेन्सच्या मधोमध गोळा करते, त्यामुळे स्लाइड सगळीकडे सारखी उजळते. ही युक्ती आउगुस्ट क्योलर यांनी १८९३ मध्ये सूक्ष्मदर्शकासाठी मांडली होती. पुढे ते येनातच, झाइस कंपनीत गेले.

आता खरी मेख. दोन स्लाइडमधलं अंतर आणि दोन लेन्समधलं अंतर अगदी सारखं ठेवलं, तर चित्रं अनंतावर, म्हणजे खूपच दूर, जुळतात. जवळच्या पडद्यावर ती एकमेकांपासून सरकलेली दिसतात. समजा फोकल लेंथ २ मिलिमीटर, लेन्समधलं अंतर ०.८ मिलिमीटर, आणि चित्र हवंय ४०० मिलिमीटरवर. २ भागिले ४००, म्हणजे अर्धा टक्का. स्लाइडमधलं अंतर तेवढंच वाढवायचं: ०.८०४ मिलिमीटर. फरक फक्त ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)! हलणारा एकही भाग नाही, चित्र कुठे जुळणार ते कारखान्यातच ठरलेलं.

जमिनीवर प्रकाश तिरका पडतो, म्हणून चित्र ताणलं जातं. त्यावर उपाय म्हणजे स्लाइडवर ते आधीच उलट दिशेने दाबून काढायचं. प्रत्येक स्लाइड वेगळी आखता येते, हा या रचनेचा मोठाच फायदा.

मर्यादा आहे ती बारकाव्याची. एवढ्याशा लेन्समधून प्रकाशाचा ठिपका दीड-पावणेदोन मायक्रॉनच्या खाली फारसा जात नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या स्लाइडवर एका ओळीत असे साधारण ३०० ठिपके मावतात. सिनेमासाठी हे फारच अपुरं. लोगो, बाण, रेघा यांसाठी भरपूर. आणि चित्र बदलायचं असेल, तर वेगळ्या स्लाइडच्या गटामागची एलईडी लावायची. वस्तूंचं त्रिमितीय मोजमाप घेताना पट्ट्यांचे नमुने झपाट्याने बदलावे लागतात; येनातल्या संशोधकांनी तिथेही हीच रचना वापरली आहे.