रात्री जेवलो नाही, तरी सकाळी साखर कशी वाढली?

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मगाशी तुमच्या चिठ्ठ्या गोळा झाल्या, त्यातली पहिलीच उघडतो. 'रात्री फक्त ताक पिऊन झोपलो. झोपताना शुगर १४०, सकाळी उपाशीपोटी १७०. मशीन बिघडलं का?' खाली लिहिलंय, 'चोरून काही खाल्लेलं नाही.' माझा विश्वास आहे!

मशीन ठीक आहे. ही साखर तुमच्याच यकृताने सोडली. यकृत म्हणजे शरीराचं कोठीघर. आपण झोपलो तरी मेंदूला ग्लुकोज लागतंच, म्हणून यकृत रात्रभर साठ्यातलं थोडं थोडं रक्तात सोडतं, शिवाय नवीनही बनवतं. पुरेसं झालं की इन्सुलिन त्याला 'पुरे' म्हणतं. टाइप २ मधुमेहात यकृताला हे नीट ऐकू येईनासं होतं. पानावर आडवा हात धरला तरी वाढपी वाढतोच आहे, तसं.

मेटफॉर्मिन मुख्यतः या वाढप्याला आवरतं. नेमकं कसं, यावर अजून वाद चालू आहेत, पण यकृताचं नवी साखर बनवणं कमी होतं एवढं पक्कं. युरोपात गॅलेगा नावाची एक वनस्पती आहे, तिच्यातल्या रसायनावरून या औषधाचा माग लागला. १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न या डॉक्टरांनी ते मधुमेहींना देऊन पाहिलं आणि नाव दिलं ग्लुकोफेज, म्हणजे साखरखाऊ. खरं तर ते साखर खात नाही, पण नाव झकास आहे. मेटफॉर्मिन इन्सुलिन वाढवत नाही, त्यामुळे एकटं असेल तर साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, म्हणून जेवणासोबत घ्यायचं. आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी मंडळींचं ते आधीच कमी असतं. मग पायाला मुंग्या येतात आणि सगळा दोष शुगरवर जातो. एकदा बी-१२ तपासून घ्या.

आता ग्लिमेपिराइड. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण रात्री-अपरात्री मला येणारे फोन बहुतेक याच घराण्यातल्या गोळ्यांमुळे येतात. १९४२ साली, ऐन युद्धात, फ्रान्समधल्या माँपेलिए इथे टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध दिलं जात होतं. काही जण घामाघूम झाले, बेशुद्ध पडले. त्यांची साखर कोसळली होती. टायफॉइडचं औषध शोधता शोधता मधुमेहाचं सापडलं!

स्वादुपिंडातल्या बीटा पेशींना एक दार असतं, त्यातून पोटॅशियम बाहेर जातं. रक्तात साखर वाढली की हे दार मिटतं, मग कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी इन्सुलिन सोडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या ते दार स्वतःच लावून घेतात. रक्तात साखर असो वा नसो! पेशीला वाटतं, जेवण आलं.

आणि त्या दिवशी असते चतुर्थी. आपल्याकडे 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणतात, तशी साबुदाण्याची खिचडी चापणाऱ्याची साखर चढते. माझी काळजी मात्र खरोखर निरंकार राहणाऱ्या आजींची असते. गोळी चुकवायची नाही म्हणून त्या घेतात, आणि अकरा वाजता हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, उपवासाने ग्लानी आली. अशा वेळी शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

यात एक खोच आहे. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर ते आतड्यात साखरेचे तुकडे होणं लांबवतं. म्हणजे घरातली साखर दिली तरी ती वेळेवर रक्तात पोचत नाही. तिथे ग्लुकोजचीच पावडर हवी. गोळीची पट्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून.

ग्लिप्टिन मंडळी सौम्य. जेवण आतड्यात आलं की आतडं स्वादुपिंडाला जीएलपी-१ नावाचा निरोप पाठवतं, पण एक विकर तो दोन-चार मिनिटांत फाडून टाकतं. सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन त्या विकराला अडवतात. सध्या गाजतंय ते सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन म्हणजे सहज न फाटणारा निरोप. तो आठवडाभर पुरतो आणि मेंदूलाही 'पोट भरलं' असं सांगतो. या जातीचं पहिलं औषध, २००५ सालचं, अमेरिकेतल्या एका विषारी सरड्याच्या लाळेवरून सुचलं होतं.

दुसरी चिठ्ठी: 'नवीन गोळी सुरू केल्यापासून लघवीत शुगर चार प्लस. आजार वाढला का?' ही गोळी बहुधा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असणार. मूत्रपिंड रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतं आणि जवळजवळ सगळं परत उचलून रक्तात घेतं. ही गोळी ते उचलणं रोखते. लघवीला मुंग्या लागतात यावरून ज्या आजाराचं नाव मधुमेह पडलं, त्याच आजारात आम्ही मुद्दाम लघवी गोड करतो! शिवाय हृदय आणि मूत्रपिंड यांनाही तिचा फायदा होतो. म्हणून साखर आटोक्यात असली तरी डॉक्टर ती देतात. फक्त तिथे गोडवा असल्याने बुरशीची खाज येऊ शकते. बायका हे सांगत नाहीत, महिनोन्‌महिने सोसतात. सांगा, साधा इलाज आहे. उलट्या-जुलाब होत असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी थांबवायची का, ते आधी विचारा. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

शेवटची चिठ्ठी: 'इन्सुलिन लागलं म्हणजे संपलं का?' अहो, आतापर्यंतच्या गोळ्या कुणाला तरी अडवत होत्या नाहीतर हाका मारत होत्या. बीटा पेशी वर्षांगणिक थकतात, मग हाक मारली तरी उठणार कोण? तेव्हा जे कमी पडलंय, तेच बाहेरून द्यायचं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन पहिल्यांदा टोचलं. त्याच्यासारख्यांना त्याआधी उपासमारीशिवाय उपचार नव्हता. तो पुढे तेरा वर्षं जगला.

चहा आलाय. बिनसाखरेचा कोणता, तेवढं विचारून घ्या.