गरम झाली की बंद

बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रस्त्याला लागलं की उद्यमबाग. इथं लोखंड ओततात, क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा दांडा, घासतात. तो क्रँकशाफ्ट फिरतोय का, हे सांगणारा सेन्सर बोटाएवढा.

इथल्या एका गॅरेजात आलेली ही गाडी जांबोटीची. सकाळी एका चावीत चालू होते, चोर्ला घाटात तापली की बंद. अर्ध्या तासानं जणू काही झालंच नाही. दुसरीकडे पंप बदलून झाला, प्लग बदलून झाले.

मिस्त्रींनी आल्या आल्या गाडी उभीच चालू ठेवली. पंखा दोनदा लागला आणि इंजिन गप्प. आता स्टार्टर घरघरतो, पण स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, शून्य. कोड पी ०३३५, क्रँक सेन्सरचा.

‘मामा, सेन्सर बदलूया की,’ हाताखाली शिकणारा पोरगा म्हणतो.
‘वायर तुटली तरी हाच कोड येतोय रे. आधी बघ.’

क्रँकच्या चाकावर ६० दात्यांची जागा, त्यातले २ मुद्दाम काढलेले. ती फट सेन्सरसमोरून गेली की ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पिस्टनचा पत्ता लागतो. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक. ठिणगी कुठल्या फेऱ्यात द्यायची, ते कॅमचा सेन्सर सांगतो.

सॉकेट काढलं. पिना हिरव्या पडलेल्या नाहीत, वायर उंदरानं कुरतडलेली नाही. तीन वायरी, म्हणजे बहुतेक हॉल सेन्सर, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर चालणारा. याचा रोध ओहमवर मोजायचा नाही. ते दोन वायरींच्या जुन्या चुंबकी सेन्सरचं काम. एका पिनवर ५ व्होल्ट, अर्थ चोख. सॉकेट परत बसवून मागून सिग्नलच्या वायरीला सुई लावली. मिस्त्री पान्यानं पुली हळूहळू फिरवतात, पोरगा मीटर वाचतो: पाच, शून्य, पाच, शून्य.

म्हणजे सेन्सर चांगला?

एव्हाना इंजिन निवलंय. म्हणून घरातून आणलेला हेअर ड्रायर. सेन्सरवर गरम वारा, पुली फिरतेच आहे. पाच, शून्य, पाच... पाच. पाच. ओलं फडकं ठेवलं, थोडं थांबले. पुन्हा शून्य.

कॅम आणि क्रँकचा मेळ चुकल्याचा पी ००१६ आला असता, तर मिस्त्रींनी आधी त्या दोघांना जोडणारी टायमिंग चेन बघितली असती. ताणलेल्या चेनला नवा सेन्सर काय करणार?

स्कॅनर इंग्रजीत, बाहेरची पाटी कानडीत, शिव्या मराठीत. या शाळेची फी नाही, आणि सर्टिफिकेटही नाही.

नवा सेन्सर लावला, कोड पुसला, गाडी गेली.

जुना सेन्सर पोरगा पत्र्याच्या डब्यात टाकतो. डब्यात असे बरेच आहेत, गिऱ्हाइकांनी दुसरीकडे बदलून घेतलेले आणि सोबत आणलेले. त्यातले काही अजूनही पाच-शून्य दाखवतात.