चहाची पाळी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी मी चर्चमध्ये मत द्यायला गेले होते. मी मूळची पुण्याची, सदाशिव पेठेत वाढले. घरात देव्हारा, देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. गेली बारा वर्षं दक्षिण लंडनमध्ये राहते, पासपोर्ट अजून भारताचाच आहे. बाप्तिस्मा घेतलेला नाही, घ्यायचा विचारही नाही. तरी आमच्या भागातल्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चचे चर्चवॉर्डन कोण व्हावेत, हे ठरवताना कायद्यानं मला मत आहे.

हे मला शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मी हसले होते. मग त्यांनी समजावलं. सगळं इंग्लंड पॅरिशींमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दींमध्ये, वाटलेलं आहे, अशा साडेबारा हजारांच्या आसपास पॅरिशी आहेत. तुमचं घर कुठल्या ना कुठल्या पॅरिशीच्या शिवेत येतंच, मग तुम्ही देव माना किंवा मानू नका. त्या शिवेच्या आत राहणारा प्रत्येक माणूस तिथल्या व्हिकरच्या, म्हणजे पॅरिशीच्या धर्मगुरूच्या, पदरात. वॉर्डन निवडायच्या सभेला चर्चच्या यादीतले लोक तर येतातच, पण त्या शिवेत राहणारा आणि सरकारी मतदारयादीत नाव असलेला कोणीही येऊ शकतो. आणि राष्ट्रकुलातली म्हणून, इथे रीतसर राहणारी म्हणून, माझं नाव त्या यादीत आहे. आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेत गावातल्या प्रत्येक घराचा काही ना काही मान असतो ना, तसलाच हा प्रकार.

तर मी गेले. माणसं एकोणीस, रेडिएटर बंद, सगळे कोट घालून बसलेले. जागा दोन, उमेदवारही दोनच. ही कामं कुणाला नकोच असतात. त्यामुळे हात वर करायची वेळच आली नाही. वॉर्डन म्हणजे थोडे विश्वस्त, थोडे चोपदार. छपराच्या गळतीपासून दानपेटीच्या हिशेबापर्यंत सगळं त्यांच्या गळ्यात, आणि सणावाराला हातात लांब काठी धरून मिरवणुकीत पुढे चालायचं. भालदार-चोपदार म्हणून मी मनात म्हटलं, आणि त्या क्षणापासून ती मंडळी मला परकी वाटेनाशी झाली.

आमच्या चर्चच्या दाराशी एक पाटी आहे: हे ‘इन्क्लुझिव्ह’ चर्च आहे. मराठीत ‘सर्वसमावेशक’ म्हणावं तर शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. मी आपली ‘सगळ्यांचं चर्च’ म्हणते. या नावाची चळवळ २००३ साली सुरू झाली. जेफ्री जॉन नावाच्या धर्मगुरूंची रेडिंगच्या बिशपपदासाठी निवड झाली होती. ते समलिंगी आहेत हे उघड होतं. ब्रह्मचर्य पाळतो असं त्यांनी सांगूनही इतका गदारोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच उन्हाळ्यात थेम्सकाठच्या पटनीच्या सेंट मेरीज चर्चमध्ये काही लोक जमले आणि या चळवळीला तोंड फुटलं. गंमत बघा, याच पटनीच्या चर्चमध्ये १६४७ साली राजाविरुद्ध लढणाऱ्या क्रॉमवेलच्या सैन्यातले शिपाई आणि अधिकारी ‘मताचा हक्क कुणाला’ यावर भांडले होते. काही जागांना वाद लाभतो.

उपासना संपली की आमच्याकडे चहा. मागच्या बाजूला लांब टेबल, त्यावर मोठी चहाची टाकी, जाड पांढरे कप, साधी बिस्किटं. पहिल्यांदा तो कप हातात घेतला तेव्हा मला गुरुवार पेठेतलं पंचहौद आठवलं. तेही अँग्लिकन मिशनच. १८९० साली पुण्यातली बडी मंडळी तिथे व्याख्यानाला गेली आणि पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी प्याले, कुणी नुसता कप धरून बसले. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, त्यांनी सगळ्यांची नावं छापून आणली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनाही पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी! आमच्या चर्चमधला चहा प्रायश्चित्ताच्या लायकीचा नाही. पाणचट असतो. पण मी पिते.

आता वर्षाकडे येते. चर्चचं वर्ष नाताळच्या आधी चार रविवार सुरू होतं, आगमनकाळापासून. माझं मात्र त्या एप्रिलच्या सभेपासून. उन्हाळ्यात व्हिकरबाईंच्या अंगावर हिरवं वस्त्र असतं, आठवड्यामागून आठवडे हिरवंच. फारसे सण नसतात. या काळात मी भिंतीशी बसून लोक बघायला शिकले. ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या डबीत वेगळी चकती. चाकाच्या खुर्चीवरच्या गृहस्थांसाठी मधल्या दोन बाकांचे तुकडे कापून जागा केलेली, कोपऱ्यात नाही, मध्येच. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात. ज्याला भाकर-द्राक्षारस घ्यायचा नसेल त्यानं छातीवर हातांची फुली करायची. मी फुली करते. व्हिकरबाई डोक्यावर हात ठेवतात, दोन शब्द पुटपुटतात. त्यांचा हात गार असतो. मी नमस्कार करणार होते एकदा, आवरलं.

व्हिकरबाई म्हणते, पण हेही जुनं नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या बत्तीस स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली ती १२ मार्च १९९४ ला, ब्रिस्टलच्या कॅथीड्रलमध्ये. आज कँटरबरीच्या आर्चबिशपपदी, म्हणजे या चर्चच्या सगळ्यात वरच्या धर्मगुरूच्या जागी, एक स्त्री आहे, सारा मुलाली, पूर्वाश्रमीच्या नर्स. तरी स्त्रीच्या हातची भाकर न घेणारी चर्चं अजून आहेत, आणि त्यांची सोयही रीतसर केलेली आहे. सगळ्यांना घ्यायचं म्हटलं की नको म्हणणारेही त्यात येतात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आमच्याकडे हे कोडं एका जमैकन आजींच्या रूपानं पहिल्या बाकावर बसतं. वय नव्वदीच्या घरात, डोक्यावर दर रविवारी वेगळी टोपी. साठच्या दशकात त्या इंग्लंडला आल्या, पहिल्याच रविवारी टोपी घालून चर्चला गेल्या. उपासना झाल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी दारात हात हातात घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, पुन्हा येऊ नका, आमच्या लोकांना अवघडल्यासारखं होतं. ते चर्च आमचं नव्हे, दुसरं. त्या काळी कॅरिबियनमधून आलेल्या कितीतरी अँग्लिकनांना हाच अनुभव आला. चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनॉडनं, म्हणजे प्रतिनिधिसभेनं, याबद्दल माफी मागितली ती २०२० च्या फेब्रुवारीत. आजी म्हणाल्या, “माफी मागणाऱ्यांपैकी कुणी तेव्हा जन्मलेलंही नसेल. आणि मला नाही म्हणणारा गेला बिचारा.”

आता तुम्हाला वाटेल, या आजी तरी दार सताड उघडायच्या बाजूच्या असतील. तसं नाही. जुलैच्या सुमारास चर्चवर इंद्रधनुषी झेंडा लागला की त्या बाजूच्या दारानं येतात. झेंड्याखालून जायचं नाही.

चर्चमध्ये दोघीजणी आहेत, साठीच्या. एक घंटा वाजवते, दुसरी बागेचं बघते. तीस वर्षं एकत्र राहतात. त्यांची नोंदणी नगरपालिकेच्या कार्यालयात झाली, लग्न म्हणून. चर्चमध्ये होऊ शकत नाही. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २०१३ च्या कायद्यातच चर्च ऑफ इंग्लंडला वेगळं ठेवलं आहे. आता माझी बाजू बघा. मी अन्नपूर्णेची आरती करणारी बाई. उद्या मला लग्न करायचं झालं तर पॅरिशीची रहिवासी म्हणून याच चर्चच्या वेदीसमोर मला उभं राहता येईल. तीस वर्षं इथली घंटा ओढणारीला नाही. मी हे व्हिकरबाईंना म्हटलं. त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मला रोज आठवतं.”

२०२३ च्या डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यांसाठी प्रार्थना म्हणता येतात, आशीर्वाद देता येतो. त्यासाठी वेगळा समारंभ मात्र नाही. त्यावर बरीच वर्षं चर्चा होऊनही २०२५ च्या ऑक्टोबरात बिशपांनी हात आखडताच घेतला. म्हणून या दोघींनी गेल्या आगमनकाळातला तिसरा रविवार धरला. त्या दिवशी जांभळ्या मेणबत्त्यांमध्ये एक गुलाबी मेणबत्ती लावतात. नेहमीची उपासना, नेहमीची गाणी, आणि मध्ये तीन मिनिटं त्या दोघी पुढे जाऊन उभ्या राहिल्या. एकीच्या कोटाला बागेतली माती लागलेली होती. घाईत आली असणार. आजी पहिल्या बाकावरच होत्या. सगळे उभे राहिले, त्या बसून राहिल्या. आशीर्वाद संपला तशा काठी टेकत सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

मी चहाच्या मदतीला मागे गेले, तर आजींनी पिशवीतून केक काढलेला. काळाभोर, रममध्ये महिनोन्महिने मुरवलेल्या सुक्या फळांचा, जमैकात नाताळला आणि लग्नाला करतात तो. पुठ्ठ्याच्या चकतीवर चांदीचा कागद. मी विचारलं, “म्हणजे तुम्हाला पटलं?”

“नाही,” आजी म्हणाल्या. “ती मोठी प्लेट इकडे दे.”

पहिला तुकडा त्यांनी घंटावालीला दिला. ती रडली. आजींनी तिला कागदी रुमाल दिला आणि केकच्या चुऱ्यानं फरशी खराब होतेय म्हणून रागावल्या.

हे जरा पुढचं सांगून गेले. त्याआधीचा नोव्हेंबर राहिला. थंडी सुरू झाली की आमच्या भागातली सात चर्चं आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतात, बेघरांना रात्री निजायला जागा म्हणून. आमचा गुरुवार. सभागृहात बारा गाद्या. त्या एप्रिलच्या सभेच्या आधीपासूनच मी तिथे मुगाची खिचडी करते, वर तूप आणि लिंबाची फोड. पाहुण्यांनी तिचं नाव ‘यलो राइस’ ठेवलं आहे, मीही सुधारत नाही. पाहुणे म्हणायचं असा तिथला नियम आहे.

त्यातले एक पाहुणे, उंच, बुद्धिबळ खेळणारे, दोन हिवाळे आले. तिसऱ्याला आले नाहीत. लंडनमध्ये वर्षभरात जे बेघर लोक वारले त्यांच्यासाठी दर नोव्हेंबरात ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन इन द फील्ड्समध्ये उपासना होते, आणि एकेक नाव मोठ्यानं वाचतात. मी गेले. या चर्चबद्दल आकाशवाणीवर बोलताना एक सांगितलंच पाहिजे. बीबीसीनं चर्चमधली उपासना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवली ती इथूनच, ६ जानेवारी १९२४ ला. तेव्हाचे व्हिकर डिक शेपर्ड. पहिल्या महायुद्धात आघाडीवरून येणाऱ्या शिपायांसाठी त्यांनी चर्चची दारं रात्रीही उघडी ठेवली होती. रेडिओवर उपासना म्हणजे लोक टोपी घालून, दारूच्या गुत्त्यात बसून ऐकतील, असे आक्षेप त्या काळात निघाले होते. ऐकत असतील तर ऐकू देत, नाही का?

त्या दुपारी नावं वाचली जात होती. कुठे पूर्ण नाव, कुठे अर्धंच. मग आमच्या पाहुण्यांचं आलं. दोन वर्षं त्यांना नावानं हाक मारत होते, खिचडी वाढत होते, त्यांचं आडनाव मला तिथे कळलं.

नाताळबद्दल काय सांगू? मेणबत्त्या, गर्दी, एरवी न येणारे लोक, आणि ऐन मध्यरात्रीच्या उपासनेत बिघडलेला बॉयलर. जानेवारीभर सगळे बॉयलरबद्दलच बोलत होते.

लेंटची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासतापासाच्या काळाची, सुरुवात राखेनं होते. ही राख कुठून येते हे मला माहीत नव्हतं. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी सगळ्यांना झावळीच्या पट्टीचे छोटे क्रूस देतात. ते लोक घरी फोटोमागे, गाडीच्या आरशाला अडकवून ठेवतात आणि वर्षानं परत आणून देतात. मंगळवारी व्हिकरबाईंनी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून अंगणात जाळले. धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी तीच राख सगळ्यांच्या कपाळावर. आमच्या अंगाऱ्याची आठवण येऊन मीही कपाळ पुढे केलं. त्यांनी हात आखडला नाही.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाय धुतात. येशूनं शिष्यांचे धुतले म्हणून. बारा जण लागतात आणि बारा जण कधीच मिळत नाहीत. इंग्रज माणसाला अनोळखी माणसासमोर मोजा काढणं म्हणजे मरणप्राय. शेवटी वॉर्डन एकेकाला दंडाला धरून आणतात. यंदा बारावी खुर्ची रिकामी होती. घंटावालीनं माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे पाय धुवायचे ते वरमाईचे, जावयाचे. आपले धुऊन घ्यायचे म्हटल्यावर मलाच लाज वाटली. बसले. कोमट पाणी, जुना टॉवेल, गुडघे टेकून बसलेल्या व्हिकरबाई. शेजारच्या खुर्चीवर आजी, टोपी घालून, एक पाय पितळी घंगाळात. माझ्या पायातल्या जोडव्यांकडे वाकून बघत म्हणाल्या, “चांदीची?” मी हो म्हटलं. “काळी पडलीयत,” म्हणाल्या.

यंदाची सभाही झाली. दोन जागा, दोन उमेदवार, रेडिएटर चालू. शेवटी वॉर्डनबाईंनी चहाच्या पाळ्यांची वही फिरवली. माझ्याकडे आली तेव्हा मी वाटच बघत होते. माझं नाव मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी. चार लिटर दूध आणायचं आहे, आणि टाकीत पत्ती दुप्पट घालणार आहे. आलंही घालेन म्हणते. बघू या, कोण काय म्हणतंय ते.

नमस्कार.