स्कॅनर आला, वही तिथेच

(गावातील वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, सरपंचताई आणि शेकोटी सोडून इथवर आलेल्या मंडळींनो,

बाहेरच्या फ्लेक्सवर आजचा विषय लिहिलाय : ‘विकसनशील देशांतील असंघटित व्यवसायांचे डिजिटलीकरण’. विषय मीच कळवला होता, पण एवढ्या मोठ्या अक्षरांत पाहिला आणि मलाच धडकी भरली. बाजूच्या पानठेल्यावरच्या भाऊंनी विचारलं, “सर, हे कोनाबद्दल हाय जी?” मी म्हटलं, “तुमच्याबद्दल.” ते हसले, त्यांना खरं वाटलं नाही. त्यांच्या ठेल्यावर सुपारीच्या बरणीला टेकवून स्कॅनर उभा होता आणि गल्ल्याखाली उधारीची वही होती. मला आज या दोनच वस्तूंबद्दल बोलायचंय. स्कॅनर बघता बघता गावोगाव पोचला, मग वही का हलली नाही?

आधी त्या ‘असंघटित’ शब्दाचं उरकून टाकू. कुठल्याच धंदेवाल्याने हे नाव स्वतःला दिलेलं नाही. कीथ हार्ट नावाचे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ घाना देशात आक्रा शहरातल्या गरीब वस्तीत राहिले, लोक एकाच वेळी तीन-चार कामं करून पोट कसं भरतात ते त्यांनी पाहिलं, आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अशा कमाईला ‘अनौपचारिक’ म्हटलं. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियावरच्या अहवालात तो शब्द आला आणि जगभर गेला. त्याआधी कागदोपत्री या लोकांची गणती बेकारांत किंवा अर्धबेकारांत व्हायची. आपल्याकडे सकाळी दूध घालणारा, दुपारी चक्कीवर बसणारा आणि हंगामात कापसाच्या गाडीवर जाणारा माणूस स्वतःला बेकार म्हणवून घेईल का? तुम्ही म्हणून तर पाहा!

आता स्कॅनर. तो नोटबंदीने आणला असं सगळे सांगतात. मला ते अर्धंच पटतं. 2016 च्या एप्रिलमध्ये यूपीआयची घोषणा झाली, सप्टेंबरात जिओ आलं, 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणीचा भर. व्यापारी गावात येऊन घेतो ती खेडा खरेदी रोखीची, आणि रोख तर बाजारातून गायब. कोणी कास्तकाराच्या हाती चेक ठेवला, कोणी म्हणाला जुन्या नोटा घेत असशील तर आत्ता माप करतो. त्या हिवाळ्यात आम्हा वाणिज्यच्या प्राध्यापकांना ‘कॅशलेस गाव’ कार्यक्रम करायचा हुकूम आला. केला. एका गावात चार दुकानांत कार्ड घासायच्या मशीन बसवल्या, फोटो काढले. वर्षभराने गेलो तर दोन परत गेल्या होत्या, एकीवर धुळीचा थर होता आणि चौथीच्या खोक्यात दुकानदाराने खोडरबर नि पेन्सिली विकायला ठेवल्या होत्या. मशीनला भाडं, व्यवहाराला कट, आणि गावात कार्ड होतं कोणाकडे? त्या मशीन बसवण्यात मीही होतो, म्हणून हे हसत सांगतोय.

टिकला तो कागदावरचा चौकोन, आपण ज्याला स्कॅनर म्हणतो तो क्यूआर कोड. हा चौकोन पैशासाठी जन्मलाच नव्हता. 1994 मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीच्या अभियंत्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तो बनवला आणि वापरायला सगळ्यांना मोकळा ठेवला. दुकानदाराला तो फुकट पडला. 2014 पासून जनधनची खाती निघाली होती, त्यामुळे पैसे जायला जागा होती. 2020 च्या जानेवारीपासून यूपीआयच्या व्यवहारावर दुकानदाराचं शुल्क शून्य झालं, आणि दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागून नोटेला हात लावायची भीती बसली. पण मला विचाराल तर खरं काम दोन बारीक गोष्टींनी केलं. एक म्हणजे चिल्लर. ‘सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या’ या वाक्यावरून आपल्या गावात जेवढी भांडणं झाली तेवढी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतही झाली नसतील. सात रुपयांची वस्तू सात रुपयांत देता येणं हेच दुकानदाराला मोठं सुख होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा तो बोलका डबा, 2019 नंतर आलेला. आलूबोंडे तळणाऱ्याचे हात बेसनात असतात. तो मोबाईल कधी पुसणार, मेसेज कधी वाचणार? पोरं कालचाच स्क्रीनशॉट दाखवून दोन प्लेट खाऊन जायची. डबा बोलायला लागला आणि हा प्रश्न मिटला. अक्षर न ओळखणाऱ्यालाही ऐकू येतं. या सगळ्यासाठी कोणी शिबिर घेतलं नव्हतं. धंद्यातली एक अडचण सुटली म्हणून माणसाने वस्तू घेतली, आणि अडचण सुटली तेवढीच घेतली.

वहीचं तसं नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात माझ्या बाबांचं किराणा दुकान होतं, म्हणून हे मला आतून माहीत आहे. मृगात पेरणी, तेव्हा घरात पैसा नाही. बियाणं, खत, त्यावर घरचं मीठ-मिरची-तेल. पोळ्याला बैलाची झूल आणि घरी पुरणाची डाळ, तीही उधार. सीतादही म्हणजे वेचणीची पूजा झाली, पहिली वेचणी झाली, कापूस गेला, चुकारा हाती आला की मग बाबांच्या वहीत रेघ ओढली जायची. म्हणजे जूनपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत त्या दुकानाने गाव उचलून धरलेलं असायचं. बाबांचा भाव बाजारापेक्षा थोडा चढा असे, त्यातच व्याज आलं. त्याला व्याज कोणी म्हणत नसे.

वहीत नावं कशी लिहिलेली असत? ‘पंजाबचा लहाना’, ‘विहिरीजवळची म्हातारी’, ‘लंगडा मास्तर’. तारखेच्या जागी ‘कापूस’ किंवा ‘दिवाळी’. एखाद्या घरी मयत झाली, पीक बोंडअळीने गेलं, तर बाबा त्या पानावर पुढच्या सालाचा आकडा टाकत आणि गप्प बसत. एखाद्याशी बिनसलं तर तेच पान चावडीवर उघडत. वही प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. तिची दोरी बाबांच्या हातात होती, आणि ती कधी सैल सोडायची, कधी ओढायची, हे त्यांना ठाऊक होतं.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने हे खातं मोबाईलवर घेतलं. दुकान त्याच्या वडिलांचं, पोरगा हुशार. अॅपमध्ये गिऱ्हाइकाचा नंबर टाकावा लागतो आणि ठरल्या दिवशी अॅप स्वतःच मेसेज पाठवतं : आपली इतकी रक्कम बाकी आहे, कृपया भरा. ऑगस्टात एका कास्तकाराला असा मेसेज गेला. त्याला वाचता येत नव्हतं, तो त्याच्या जावयाने वाचला, चार पाहुण्यांसमोर. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. “काहून बा, मी पयून चाललो होतो का?” एवढंच बोलला. कुठून तरी पैसे आणून त्याने सगळी बाकी टेबलावर ठेवली आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढला नाही. पोराने मला विचारलं, “सर, वसुली तर शंभर टक्के झाली, मग बाबा माझ्यावर का चिडले?” मी वाणिज्य शिकवतो, पण उत्तर त्याच्या बाबांकडेच होतं. गिऱ्हाईक गेलं, आणि त्याच्यामागे त्याचं सगळं भावबंद गेलं.

आज त्या दुकानात अॅप आहे. पण ठोक व्यापाऱ्याचा माल किती आला, त्याला किती द्यायचे, एवढंच त्यात असतं. गावाचा हिशेब पुन्हा लाल वहीत. त्या पोराला मागासलेला म्हणायची माझी तयारी नाही. कुठला हिशेब मेसेज सहन करतो आणि कुठला नाही, हे त्याने एका गिऱ्हाइकाची किंमत मोजून शिकून घेतलं.

बाहेरच्या देशांतही असंच दिसतं. केनियात 2007 मध्ये एम-पेसा सुरू झालं. साध्या फोनवरून पैसे पाठवायचे, यूपीआयच्या कितीतरी आधी. स्वाहिली भाषेत पैशाला ‘पेसा’ म्हणतात. हा शब्द ऐकून मला तर ते आपल्याच नात्यातले वाटतात. तिथली गरज एकच आणि मोठी होती : शहरात कामाला गेलेल्याने गावाकडे पैसे धाडायचे. आधी ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती किंवा ओळखीच्या माणसाच्या खिशात जात. आणि रोख भरायला-काढायला कोपऱ्यावरची छोटी दुकानंच एजंट झाली.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. केरळच्या उत्तर किनाऱ्यावर 1997 ते 2001 च्या काळात मोबाईलचे टॉवर आले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास केला, तो 2007 मध्ये छापून आला. पूर्वी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि थोड्याच अंतरावरच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जाई. फोन आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच विचारू लागले. पकडलेल्यापैकी 5 ते 8 टक्के मासळी वाया जायची, ते थांबलं. मच्छीमाराचा नफा सरासरी 8 टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी 4 टक्के स्वस्त पडली.

हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “मग सर, आमच्या कापसाचं असं काहून नाही होत?” प्रश्न अगदी योग्य होता. हिंगणघाटचा भाव आज घरबसल्या कळतो, पांढरकवड्याचाही कळतो. पण होडी वळवणं आणि गाडी वळवणं वेगळं. ज्याने पेरणीला पैसे दिले त्याच्याच दारात माप करायचं असं बोलणं झालेलं असतं. भाडं परवडायला गाडीभर माल लागतो आणि आपल्याकडे घराच्या कोपऱ्यात पाच-सात क्विंटल पडलेला. फोन भाव सांगतो, पण घेतलेली उचल फेडत नाही. 2025 च्या हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीसाठी ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी सुरू केली. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. नोंदणी केली कोणी? अनेकांची मोबाईल दुकानातल्या पोराने, त्याने मागितले तेवढे पैसे घेऊन. सातबारा त्याच्याकडे, ओटीपी त्याच्याकडे. गावात एक नवीन अडत्या तयार झाला, वय वर्षं वीस.

आता जरा नाजूक विषय, आणि इथे बरेच दुकानदार बसलेत. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयवरच्या जमेच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. भाजीवालेही त्यात सापडले, ज्यांच्या ताज्या भाजीवर जीएसटी नाहीच. बेंगळुरूत लोकांनी स्कॅनर काढून ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. ही बातमी आपल्या चौकात दोन दिवसांत पोचली होती. घाबरू नका, हिशेब करू. मालाच्या धंद्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख, सेवेला 20 लाख. चाळीस लाख म्हणजे रोजचे साधारण अकरा हजार. आपल्यापैकी किती जणांचा गल्ला तेवढा आहे?

पण एक मेख आहे. बँक लांब, एटीएममध्ये पैसे नसतात. म्हणून गावातला माणूस किराणावाल्याला म्हणतो, “पाच हजार रोख द्या, फोनपे मारतो.” दुकानदार देतो, कधी फुकट, कधी थोडे कापून. बाजाराच्या दिवशी एकाच स्कॅनरवर शेजारच्या तीन दुकानांचे पैसे येतात. खात्यात जमा दिसते आठ हजार, त्याची विक्री मात्र दोन हजारांचीच. नोटीस काढणाऱ्याला हे दिसत नाही, आणि खात्याची उलाढाल पाहून कर्ज द्यायला येणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून माझी विनंती एवढीच : रोखीची अशी अदलाबदल वेगळ्या पानावर लिहून ठेवा. हो, वहीतच लिहा.

शेवटी बाजारातल्या बायांबद्दल. शहरातल्या फेरीवाल्यांसाठी 2020 मध्ये केंद्राची कर्जयोजना आली, तेव्हा पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं. आपल्या भाजीवाल्या काकू मंगळवारी इथे, शुक्रवारी दुसऱ्या गावी. त्यासाठी लागणारं फेरीवाल्याचं प्रमाणपत्र त्यांना कुठली नगरपरिषद देणार? बरं, स्कॅनर त्यांच्याकडे आहे, पण तो पोराच्या खात्याचा. साध्या फोनवरून यूपीआय चालवायची सोय रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच आणली, पण खातं आणि नंबर बाईच्या नावावर हवेत ना. बचत गटाच्या ताई इथे बसल्यात, त्यांना मी आधीच सांगितलंय : पहिल्यांदा हे एक काम करा.

गेल्या मंगळवारी मी मेथी घेतली. वीस रुपये. काकूंच्या टोपलीला बांधलेला स्कॅनर स्कॅन केला, माझ्या फोनवर हिरवी खूण आली. बोलका डबा नव्हता. काकूंनी कमरेचा फोन काढून पोराला लावला, तो चाकणला कंपनीत आहे. “वीस आले का रे?” विचारायचं होतं. रिंग वाजत राहिली, पोरगा ड्युटीवर. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी फोन पुढे केला, त्यांनी त्यावर नजरही टाकली नाही. जुडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाल्या, “जा जी मास्तर. नाही आले त पुढच्या बाजारी द्या.”