आधी टोनी की आधी स्टीव्ह?

सुरुवातीलाच सांगतो, आज रहस्यभंग अटळ आहे. ज्यांना मार्व्हलचे सुपरहिरोंचे चित्रपट अजून पाहायचे आहेत त्यांनी कानात बोटं घालावीत किंवा मोठ्या मनाने माफ करावं.

२००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून २०१९ च्या ‘स्पायडर-मॅन: फार फ्रॉम होम’पर्यंत मार्व्हल स्टुडिओजचे २३ चित्रपट आले. या टप्प्याला ‘इन्फिनिटी सागा’ म्हणतात. त्यानंतरही गाडी चालूच आहे, पण मी बहुतेक याच टप्प्यात रेंगाळणार आहे. हे चित्रपट थिएटरात आले त्या क्रमाने बघायचे, की त्यांतल्या घटना घडल्या त्या क्रमाने? दुसऱ्या पर्यायाची आता चांगलीच सोय झाली आहे. डिस्ने प्लसवर कालक्रमाची यादी आयती मिळते. २०२३ मध्ये अधिकृत कालरेषेचं जाडजूड पुस्तकही निघालं. मग नव्या माणसाला वाटतं, गोष्ट पहिल्यापासून बघावी, त्यात वाद कसला?

वाद असा की ही गोष्ट ‘पहिल्यापासून’ सुरूच होत नाही. कालक्रमात पहिला नंबर ‘कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’चा, दुसऱ्या महायुद्धातला. त्याचा पहिला प्रसंग कुठला? आजच्या काळातला. बर्फात गाडलेलं विमान सापडतं आणि तिथून आपण १९४२ मध्ये जातो. शेवटी स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे कॅप्टन अमेरिका, जागा होतो तोही आजच्याच न्यूयॉर्कमध्ये, जवळपास सत्तर वर्षं झोपून. म्हणजे यादीतल्या पहिल्याच चित्रपटाची दोन्ही टोकं कालक्रमाच्या बाहेर. ‘थॉर’ तर इसवी सन ९६५ ला जाऊन येतो. कालक्रम लावला जातो तो चित्रपटांचा. घटना आपल्या हव्या तशा पुढेमागे उड्या मारत राहतात.

आता दुसऱ्या नंबरकडे या. तिथे १९९५ मध्ये घडणारा ‘कॅप्टन मार्व्हल’ येतो. मला सगळ्यांत जास्त बोलायचंय ते याच्यावर, कारण कालक्रमाचं सगळं सुखदुःख या एका चित्रपटात आहे. तो प्रदर्शित झाला मार्च २०१९ मध्ये, ‘एंडगेम’च्या जेमतेम महिना-दीड महिना आधी. म्हणजे निक फ्युरीला, शील्ड या गुप्तहेर संस्थेच्या प्रमुखाला, अकरा वर्षं ओळखणाऱ्या प्रेक्षकासाठी तो बनवला होता. फ्युरीचं काम करणाऱ्या, सत्तरीला टेकलेल्या सॅम्युएल जॅक्सनला संगणकाच्या करामतीने तरुण केलं, त्याला दोन्ही डोळे दिले, गाणं म्हणत भांडी घासायला लावली. हे गमतीचं कुणाला वाटणार? ज्याने त्याला काळ्या कोटात, एका डोळ्याने जगावर नजर ठेवताना पाहिलंय त्याला.

तो डोळाच घ्या. २०१४ च्या ‘द विंटर सोल्जर’मध्ये फ्युरी स्टीव्हला सांगतो की मागे एकदा विश्वास ठेवला तेव्हा डोळा गमावला. प्रेक्षक मनात एक भीषण कथा रचतो: कुणीतरी दगा दिला असेल, कुठलीतरी जीवघेणी मोहीम असेल. पाच वर्षांनी कळतं, मांजरीसारख्या दिसणाऱ्या एका परग्रहावरच्या प्राण्याने ओरखडलं होतं. रिलीजच्या क्रमात हा विनोद झकास जमतो, कारण पाच वर्षं आपण त्या डोळ्याला मान दिलेला असतो. कालक्रमात उत्तर आधी येतं. मग ‘विंटर सोल्जर’मध्ये फ्युरी ते वाक्य गंभीर चेहऱ्याने म्हणतो आणि आपल्याला हसू येतं. प्रसंग तसा हसायचा नाही. हायड्रा या शत्रुसंघटनेने शील्ड आतून पोखरलीय, फ्युरीच्या जिवावर बेतणार आहे.

‘आयर्न मॅन’च्या शेवटाचंही तसंच. २००८ मध्ये नामावली संपल्यावर फ्युरी अंधारातून पुढे आला आणि टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, म्हणाला की या जगात तू एकटाच नाहीस, तेव्हा प्रेक्षकांच्या डोक्यात दिवे लागले. एक संपूर्ण विश्व पुढे आहे याची ती पहिली चाहूल. कालक्रमाने बघणाऱ्याला ही बातमी शिळी असते. फ्युरीने उडणारी बाई पाहिलीय, तिच्या विमानावरच्या टोपणनावावरून सुपरहिरोंच्या संघाचं ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे नाव ठेवलंय, हे सगळं या प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर झालेलं असतं.

आणि तो पेजर! कॅरोल, म्हणजे कॅप्टन मार्व्हल, जाताना फ्युरीला पेजर देते, अगदीच आणीबाणी आली तर बोलाव म्हणून. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कवर परग्रहावरची फौज कोसळते तेव्हा कालक्रमवाला प्रेक्षक खुर्चीतून ओरडत असतो, अरे दाब ना ते बटण! फ्युरी दाबत नाही, कारण २०१२ मध्ये तो पेजर कुणाच्या डोक्यातही नव्हता. ‘इन्फिनिटी वॉर’च्या शेवटी, खलनायक थॅनॉसने निम्मी सृष्टी नाहीशी केल्यावर धूळ होता होता तो एकदाचा पेजर काढतो. २०१८ मध्ये त्यावरचं चिन्ह बघून लोक एकमेकांकडे बघत होते, हे काय नवीन? कालक्रमाने आलेला माणूस म्हणतो, सुचलं बाबा एकदाचं.

नामावलीनंतरचे प्रसंग हा तर उघड सापळा. ‘कॅप्टन मार्व्हल’च्या नामावलीत थेट २०१८ चा एक प्रसंग आहे: निम्मं जग नाहीसं झालंय आणि उरलेले अ‍ॅव्हेंजर्स पेजरभोवती उभे आहेत. यादीतल्या दुसऱ्याच चित्रपटात! त्यातल्या बहुतेकांशी आपली अजून ओळखही झालेली नसते. ‘ब्लॅक विडो’ २०२१ चा, पण कालक्रमात ‘सिव्हिल वॉर’च्या मागोमाग, तो संपल्यावर नताशाची, म्हणजे ब्लॅक विडोचीच, कबर दिसते. कालक्रमाने जायचंच असेल तर या दोन ठिकाणी आणि ‘अँट-मॅन अँड द वास्प’च्या शेवटी नामावली सुरू झाली की उठा.

एवढं बोलल्यावर मी रिलीजच्या बाजूचा आहे असं वाटेल. पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी आहेच. पण दुसऱ्या फेरीला मी कालक्रमच सांगेन, आणि त्याचं कारण हॉवर्ड स्टार्क.

रिलीजच्या क्रमात हॉवर्ड हा टोनीचा दिवंगत बाप म्हणून येतो, फोटोत आणि जुन्या फिल्मच्या रिळात. कालक्रमात तो आपल्याला टोनीच्या आधी भेटतो: तरुण, फुशारकी मारणारा, उडती गाडी दाखवायला जाऊन तोंडघशी पडणारा. तो स्टीव्हची ढाल घडवतो आणि स्टीव्ह हरवल्यावर त्याला शोधत समुद्र धुंडाळतो. स्टीव्ह सापडत नाही, टेसरॅक्ट हा अफाट शक्तीचा ठोकळा सापडतो. त्यानंतर ‘आयर्न मॅन’ लावा. टोनीचं बापावर रुसणं आता एकतर्फी राहत नाही, आपण बापाला ओळखतो. टोनी आणि स्टीव्ह एकमेकांवर पहिल्यांदा खेकसतात तेव्हा मध्ये हॉवर्ड उभा असतो. ‘सिव्हिल वॉर’मध्ये १९९१ च्या त्या रस्त्यावरची चित्रफीत सुरू होते, तेव्हा गाडीत एका पात्राचे आईवडील नसतात, आपला पहिल्या चित्रपटातला माणूस असतो. नायक बदलतो तो इथेच. रिलीजच्या क्रमात ही टोनीची गोष्ट आहे, त्याच्यापासून सुरू होऊन त्याच्या मरणाशी थांबणारी. कालक्रमात ती स्टीव्हची होते आणि टोनी त्याच्या मित्राचा मुलगा.

बारीकसारीक फायदेही आहेत. ‘गार्डियन्स’चे दोन भाग २०१४ आणि २०१७ चे, पण कथेत दोन्ही २०१४ चेच, लागोपाठ पाहिले की इवलासा झाडमाणूस ग्रूट सलग वाटतो. ‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’मधल्या ‘आठ वर्षांनंतर’ या पाटीचा हिशेब मात्र कुठल्याच क्रमात जुळत नाही. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या २०१२ मध्ये आठ मिळवा, तुम्ही २०२० मध्ये पोहोचता आणि निम्मी पात्रं तोवर धूळ झालेली असतात. सोडून द्या.

राहता राहिला ‘एंडगेम’. २०२३ मधून ही मंडळी २०१२, २०१३, २०१४ आणि १९७० मध्ये जाऊन येतात, आणि शेवटी स्टीव्ह मागे जातो तो लवकर परतत नाही. अखेरच्या दृश्यात तो त्याच्या प्रेयसीबरोबर, पेगीबरोबर, नाचतोय. पहिल्या चित्रपटात हुकलेली भेट ती हीच. आता कट्टर कालक्रमवाल्याने काय करावं? हा नाच कापून ‘फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’च्या मागे जोडावा? जोडला असता, पण तो नाच याच कालप्रवाहातला की दुसऱ्या, यावर पटकथाकार आणि दिग्दर्शक रुसो बंधू यांचंच एकमत नाही. तेव्हा तेवढ्यापुरती यादी बाजूला ठेवा आणि नाच आहे तिथेच बघा.